कुलपाआडचा आवाज

ती दुपार मला अजून सोडत नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, विहिरीतली प्रेते काढली, एकदा अस्वलाच्या पुढ्यातूनही सुटलो. पण जेवणे झाल्यावर घरातली मंडळी भोवती बसून "एखादी भीतीची सांगा" म्हणाली की मी हीच सांगतो. सांगताना दर खेपेला माझे शौर्य थोडे वाढते आणि आमच्या सौभाग्यवती ते आतल्या खोलीतून दुरुस्त करतात. इथे मात्र घडले तसे लिहितो आहे. कुणाचे नाव घेत नाही. गावाचेही घेत नाही. अमरावती आणि अकोला यांच्या मधले एक कापसाचे गाव, एवढे पुरे.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता आणि तिचा पैसा आमच्या वऱ्हाडात पडत होता. कापसाच्या गाड्यांनी रस्ते उखडले होते. रेल्वेच्या भरावाची माती गावाच्या अंगाला येऊन टेकली होती आणि नदीवर पूल बांधणे सुरू होते. पैसा आला तशी गावात लायब्ररीही आली. दोन खोल्या, तीन कपाटे पुस्तके आणि चार-पाच दिवसांनी शिळे होऊन येणारे मुंबईचे वर्तमानपत्र. तिचे सगळे पाहणारे एक वयस्क गृहस्थ होते, पूर्वी शाळेत शिकवीत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. व्यापारी कापसाच्या भावासाठी येत, बाकीचे लढाईसाठी. मी त्या गावचा फौजदार. हाताखाली एक जमादार आणि अकरा शिपाई, त्यांतले दोन कायम तापाने पडलेले. मी स्वतः लायब्ररीत फारसा जात नसे. वाचायला लागलो की मला झोप येते, हा दोष अजून आहे.

पुलाचा मधला खांब दोनदा खचला. तिसऱ्यांदा उभा राहिला तो पक्का राहिला. आणि ज्या सकाळी तो उभा राहिला त्याच सकाळी महारवाड्यातला एक तरुण मजूर नाहीसा झाला.

त्याची आई ठाण्यावर आली. पायरीखालीच उभी राहिली. "सायेब, माहा पोरगा कालपासून नाई," म्हणाली. मी रोजनाम्यात 'बेपत्ता' लिहिले आणि रेल्वेवर कुठे दुसरीकडे गेला असेल, असे तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी खांबाजवळच्या वाळूत त्याची घोंगडी सापडली, रक्ताने कडक झालेली. शेजारीच शेंदूर, फोडलेले नारळ आणि राख. मग गावाला काही विचारावे लागले नाही. खांबाने माणूस घेतला, आणि तो देणारे वडार. पायाचे काम त्यांचेच होते आणि नदीकाठी त्यांची पाले होती. चाळीसेक माणसे, त्यांत निम्मी लेकरे.

वडारांच्या मेस्त्रीला मी कच्च्या कैदेत घेतले. संशयावरून घेतले की लोकांनी त्याला ठेचू नये म्हणून, हे तेव्हा माझे मला नीट सांगता आले नसते. अमरावतीच्या साहेबांना कळवताना मी 'संशयावरून' लिहिले. ते जास्त शोभत होते.

मेस्त्री पन्नाशीचा, हातोडीसारख्या मनगटांचा. त्याला समोर बसवून विचारले, "खांबाच्या पायात काय घातलंस?"

"बोकड दिला. दोन नारळ दिले."

"आणि माणूस?"

"माणूस कशाला? चार हात जास्त खणलं. खडक लागला. खांब राहिला."

"मग हे गावाला का नाही सांगितलंस?"

"गावानं विचारलं नाही," तो म्हणाला. "गावानं दगड मारले."

तीन दिवस मी त्याला उलटसुलट विचारले. जबानी इकडची तिकडे झाली नाही. खोटे बोलणारा माणूस रोज थोडा सुधारून सांगतो, हे मला ठाऊक होते. माझाच घरचा अनुभव आहे. याची गोष्ट मात्र रोज तेवढीच राहिली. पण घोंगडी होती, रक्त होते, आणि माणूस नव्हता. तिकडे गावात ठरू लागले होते की बाजाराच्या दिवशी, सगळ्या खेड्यांतली माणसे जमली की, वडारांची पाले पेटवायची. हे कुणी लपवीतही नव्हते. माझा न्हावीच दाढी करता करता मला सांगत होता.

बाजाराला तीन दिवस राहिले असताना ठाण्यावर पाणी भरणारा भिस्ती पखाल रिकामी करून घुटमळला.

"हुजूर, एक गोष्ट सांगू काय? तुमी हसान."

"सांग."

"लायबरीत भरदुपारी कोनीतरी वाचून राह्यलं. मी मागच्या रांजनात पानी टाकाले जातो ना, तवा आयकतो. दाराले बाहीरून कुलूप. मास्तर घरी जेवाले गेलेले."

"आवाज कुणाचा?"

"त्या हरवल्या पोराचाच म्हनतेत. तो खिडकीखाली बसे ना रोज, पेपर आयकाले. त्याचाच." त्याने आवाज उतरवला. "पन हुजूर, दोनदा येते. आंदी हळू. मंग तेच मोठ्यानं. एक भूत सांगते अन् दुसरं घोकते, असं गाव म्हनून राह्यलं."

मी हसलो. हसणे कामाचा भागच होता. मग जमादाराला घेऊन निघालो, तेव्हा पहारेकरी बाराचे टोले देत होता.

वऱ्हाडातली वैशाखाची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला मी काय सांगू. रात्री निदान कुत्री भुंकतात. त्या वेळेला काही म्हणजे काही हलत नाही. दारे लावलेली, सावल्या पायाखाली गेलेल्या, आणि उजेड इतका पांढरा की भिंतीही पातळ वाटतात. लायब्ररीच्या दाराला कुलूप होते. मी ते ओढून पाहिले आणि भाजलेला हात खिशात घातला. उत्तरेच्या खिडकीची झडप आतून बंद होती. तिच्याखाली एक दगडी ओटा. रिकामा.

आम्ही भिंतीला कान लावले.

आधी काही नाही. मग आत, अगदी जवळ, कुणीतरी पुटपुटले. शब्द कळत नव्हते, नुसता श्वास आणि अक्षरे. पुटपुटणे थांबले. आणि तेच शब्द पुन्हा आले, आता मोठ्याने, घोगऱ्या गळ्याने, एकेक अक्षर दगडासारखे उचलून ठेवीत: "को-णा-ही इस-मास त्या-च्या मर-जी-वि-रुद्ध…"

परत पुटपुटणे. परत तोच आवाज. "मर-जी-वि-रुद्ध…"

माझ्या पट्ट्याचे बक्कल भिंतीला लागले. आवाज तुटला. मग भिंतीच्या पलीकडे, बरोबर माझ्या कानाशी, कुणीतरी श्वास रोखून धरल्याचे मला कळले. श्वास रोखलेला ऐकू येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मला आला.

"कुलूप तोडायचं का?" मी जमादाराला विचारले.

"हुजूर, तुमी अफसर. पयले तुमी."

"तुम्ही वयानं मोठे."

"म्हनून त म्हनतो. मले अजून पेन्शन घ्याची हाय."

आम्ही परत आलो. चाल नेहमीचीच ठेवली होती, फक्त बोललो नाही. रोजनाम्यात मी लिहिले: 'लायब्ररीची पाहणी केली. वारा.' त्या दिवशी झाडाचे पान हलले नव्हते.

गावाला मात्र आवाज पटला होता. मेलेला माणूस गाऱ्हाणे मांडतो आहे, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला पुरले आहे, आणखी कसला पुरावा हवा?

एक दिवस मी तापाचे निमित्त काढून घरात बसलो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी न राहवून वाचनाला जाऊन बसलो. गर्दीचे मन कुठे चालले आहे ते पाहावे, हे कारण. खरे कारण, उजेडात त्या खोलीत माणसे असताना एकदा आत जायचे होते.

मास्तर खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि पहिला मजकूर साध्या, बसल्या आवाजात वाचला. माणसे अगदी जवळ बसलेली, मोठ्याने वाचायची गरज नव्हतीच. वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची उत्तरेकडे वळवली, आणि उघड्या खिडकीकडे तोंड करून तोच मजकूर पहिल्यापासून, खणखणीत आवाजात वाचला.

एक अडत्या कंटाळून म्हणाला, "मास्तर, तो त गेला ना बावा. आता एकदाच वाचा. आमाले घरी जायाचं हाय."

"सवय झाली," मास्तर म्हणाले, आणि पुढचा मजकूर घेतला. आधी हळू आमच्यासाठी. मग मोठ्याने, खिडकीखालच्या मोकळ्या ओट्यासाठी.

शेजाऱ्याने माझ्या कानात सांगितले की दोन वर्षे हे असेच चालले आहे. ज्यांना आत यायची मुभा नाही ते त्या ओट्यावर बसत. पुढे पुढे तो एकटाच येई, पण रोज. मास्तरांनी त्याच्यासाठी दुसऱ्यांदा वाचणे कधी सोडले नाही.

माझ्या अंगावर काटा आला. त्या रिकाम्या ओट्याकडे इतक्या मनापासून वाचणारा माणूस पाहिला की कुणालाही येईल. आणि तो काटा उतरायच्या आत मला कळले. माझे डोके चालते, पण उशिराने, गुडघ्यासारखे. आत बसून शिकलेला माणूस वाचतो तेव्हा एकदाच वाचतो. ज्याने वाचन म्हणजे काय ते फक्त खिडकीखाली बसून ऐकले, त्याला ते असेच ठाऊक असणार. आधी आतली पुटपुट, मग स्पष्ट आवाज. त्याच्या लेखी वाचन म्हणजेच हे दोन्ही. भुताला असे अडखळत घोकायची गरज कशाला पडेल?

मंडळी गेली. दिवे अजून लागले नव्हते. जमादाराला दाराशी उभे करून मी विचारले, "मास्तर, दुपारी कोण वाचतं?"

"उंदीर असतील."

"तुमच्यासारखेच दोनदा वाचतात."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "फौजदारसाहेब, माणूस जिवंत सापडला तर तुम्ही त्याला कुणाच्या हवाली कराल?"

"त्याच्या आईच्या."

"आणि पुलाचा ठेकेदार मागायला आला तर? तो तुमच्याच पडवीत बसून पान खातो. मी कोणत्या भरवशावर ठाण्यावर यायचं होतं?"

 मास्तर कपाटामागच्या शिडीशी गेले आणि माळ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "ये खाली. ऐकलं आहेस ना सगळं."

वरून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सरकले आणि शिडीवर आधी पाय दिसले. लिहायला लाज वाटते, पण मी पहिल्यांदा ती पावले पाहिली. बोटे पुढेच होती. मागून माझ्या जमादाराने श्वास सोडला, म्हणजे त्यानेही तेच पाहिले असावे.

कागदांच्या धुळीने पांढरा झालेला, गालफडे बसलेली, विशीतला पोरगा. पाठीवरचे वळ चिघळले होते. त्याची हकीकत थोडी होती. रेल्वेच्या कामावर कुणालाही जबरदस्तीने वेठीला नेऊ नये, असे सरकारी फर्मान मास्तरांनी वाचले. याने ते ओट्यावर ऐकले आणि जाऊन मजुरांना सांगितले. दुसऱ्या सकाळी माणसे धरायला आलेल्यांना तीस जणांनी नकार दिला. मग याला नदीकाठी नेऊन मारले. मेला असे समजून टाकले. घोंगडी तिथेच राहिली. हा सरपटत आला तो त्याला माहीत असलेल्या एकाच खिडकीखाली.

"वाचायला कधी शिकलास?" मी विचारले.

उत्तर मास्तरांनी दिले. "रोज संध्याकाळी माझं एक पुस्तक बाहेरच्या कोनाड्यात राहून जायचं. सकाळी तिथंच सापडायचं. पुस्तकांच्या वहीत मी माझंच नाव लिहीत होतो."

"मारलं कोणी?"

पोराने माझ्याकडे पाहिले नाही. जमादाराच्या कमरेकडे पाहिले. "दोन ठेकेदाराचे. अन् बाकीच्या दोघाईले असेच पट्टे होते."

जमादाराने पट्ट्यावर हात आडवा धरला. मग मीच, काहीतरी बोलायचे म्हणून, त्याला वडाराच्या मेस्त्रीबद्दल आणि उद्याच्या बाजाराबद्दल सांगितले. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

"मास्तर, हे तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर तू खाली उतरला असतास."

"मंग?"

मास्तरांनी चष्मा काढला. ते आठ रात्री झोपले नव्हते, हे मला त्या वेळी त्यांच्या तोंडावर दिसले. एका बाजूला हा पोरगा, दुसऱ्या बाजूला चाळीस माणसांची पाले, आणि सांगायला जागा नाही.

"त्या वडाराले लेकरं हायेत?" पोराने विचारले.

"चार."

तो शिडीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मंग उद्या मले बजारात काढा. गुपचूप सोडसान त रस्त्यातच संपवतीन. सगळ्यायनं पायलं मंजे मंग मले गायब करनं कठीन हाय." आणि मग प्रथमच माझ्याकडे पाहून, "अन् सायेब, तुमी माह्या मांगं नाई, बाजूले उभे राहा. लोकायले दिसन असे."

बाजाराचा दिवस उजाडला. मी शिपाई पालांकडे लावले आणि स्वतः जमादारासह लायब्ररीच्या दाराशी उभा राहिलो. नदीकडचा रस्ता तिथूनच जातो. बाराच्या सुमारास माणसे आली. तीनशे तरी असतील. हातांत काठ्या, कुऱ्हाडी आणि पेटलेले पलिते. त्या उन्हात पलित्यांची ज्वाळा दिसतच नव्हती. काठ्यांच्या टोकांवर नुसती हवा थरथरत होती. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

मी हात वर केला. कुणी पाहिला नाही.

तेवढ्यात कुलपाआडून पुटपुट ऐकू आली. पुढच्या रांगा थबकल्या. मग तो मोठा आवाज, "को-णा-ही इस-मास…" आणि तीनशे माणसांचा रस्ता जागच्या जागी गोठला. मास्तर पुढे झाले, त्यांनी किल्ली फिरवली आणि दोन्ही कवाडे उघडली.

तो पुढच्या दारातून बाहेर आला. त्या पायरीवर त्याने जन्मात पाऊल ठेवले नव्हते. हातात ते वर्तमानपत्र. मी त्याच्या बाजूला उभा राहिलो.  गर्दी लाटेसारखी मागे सरली. एक म्हातारा मटकन खाली बसला. पोराने कुणाकडे पाहिले नाही. त्याने ते फर्मान आधी स्वतःशी वाचले, मग मोठ्याने, अडखळत, शेवटच्या शब्दापर्यंत. कुणाला पुढे यायचा धीर नव्हता, कुणाला पळायचाही नाही.

गर्दीतून त्याची आई आली. सरळ आली, पायरीशी थांबली नाही, वर चढली आणि त्याच्या एक सणसणीत थोबाडीत दिली. "नऊ दिवस," म्हणाली. "नऊ दिवस रे."

भुताला कुणी असे मारत नाही. तो आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण मागच्या माणसांनी पलिते धुळीत विझवायला सुरुवात केली.  काल कोण काय म्हणाले होते ते प्रत्येकाला आठवत असावे.

मेस्त्रीला मी त्याच दुपारी सोडले.  पुलाचे काम होते, तिकडे गेला.

पुढचे सांगायला मला गोडी नाही. ठेकेदाराला शिक्षा झाली नाही. त्याला धामणगावकडच्या पट्ट्यात काम मिळाले. गावातल्या बड्यांची सभा भरली. महारवाड्यातला माणूस नऊ दिवस लायब्ररीत राहिला, पुस्तकांना हात लावला, यावर चार तास चर्चा झाली. माणसाला मरेस्तोवर मारले होते त्यावर झाली नाही, कारण तो मेला नव्हता. लायब्ररी धुतली, गोमूत्र शिंपडले, पुस्तके उन्हात टाकली. बंदोबस्ताला शिपाई माझेच होते. मास्तरांना काढून टाकले. ते बडनेऱ्याकडे, मजुरांच्या झोपड्यांत जायला निघाले. तो पोरगा आणि त्याची आई आधीच तिकडे गेली होती.

मी गाडीपाशी निरोपाला गेलो आणि साहेबांना पाठवलेल्या अहवालाची नक्कल त्यांना दाखवली. मला कौतुक हवे होते. त्यांनी उभ्याउभ्या सगळी वाचली.

"एक ओळ राहिली आहे," ते म्हणाले.

"नोकरी आहे, मास्तर."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि गाडीवानाला "हाक" म्हणाले.

अमरावतीच्या साहेबांनी अहवालावर 'उत्तम तपास' असा शेरा मारला आणि मला जरीचा मंदील बक्षीस दिला. लग्नकार्यात तो बांधा म्हणून घरातून आग्रह होतो. मी डोके दुखते म्हणतो.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते हे, की खबर आली की प्रेत कुठे आहे हे विचारण्याआधी त्या दिवशी आपली माणसे कुठे होती ते पाहावे. नऊ दिवस मी त्याला कोणी मारले ते नदीकाठी शोधत होतो, वडाराच्या जबानीत शोधत होतो. ते माझ्या टेबलावर, हजेरीच्या वहीत होते. पुढच्या नोकरीत मी ती वही रोज आधी उघडली. शिपायांना ते आवडले नाही, ठेकेदारांना तर नाहीच, आणि बढती दोनदा हुकली.

अहवालात राहिलेली ओळ आज लिहितो. त्या दिवशी सकाळी, ठेकेदाराच्या मागणीवरून, मजूर धरून आणण्याच्या मदतीस ठाण्यातील दोन शिपाई देण्यात आले. हुकूम माझा. सही माझी.